ससे खाद्य उकरून सांडतात? आधी पिंजऱ्याखाली बघा

ससे पाळायला घेतले त्या पहिल्याच पावसाळ्यात पिंजऱ्यांखालून आंबूस वास यायला लागला. मला वाटलं, मुताचा असेल. दोन दिवस नुसतं पाणी मारलं. तिसऱ्या रात्री वाकून बॅटरी मारली, तर लेंड्यांच्या ढिगावर फुगून लापशी झालेल्या गोळ्यांचा थर, त्यावर पांढरी बुरशी, आणि ढिगाच्या कडेला घुशीचं ताजं बीळ. माझे बारा ससे स्वतः खात होतेच, शिवाय खाली घुशीचं कुटुंबही पोसत होते. आणि मी दुकानात जाऊन सांगत होतो की आमचे ससे भारी खादाड आहेत.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. घरामागे कुळागराच्या (माड-पोफळींच्या बागेच्या) कडेला चिऱ्यांच्या पायावर पत्र्याची शेड आहे, त्यात न्यूझीलंड व्हाइट आणि सोव्हिएत चिंचिला जातीचे ससे. पुढचं सगळं चुकत चुकत शिकलेलं आहे. तुमच्याकडे गॅलरीत एकच जोडी असो की विकायला म्हणून वीस-पंचवीस असोत, पायऱ्या त्याच आहेत, फक्त मापं बदलतात.

आधी एक गोष्ट. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, रात्री गाडीच्या उजेडात जो पळतो तो आपला रानससा वेगळा. तो बीळ खणत नाही, गवतात दडून बसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो येतो, त्यामुळे त्याला धरून आणून पाळायचं नसतं. आपले पाळीव ससे युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशांचे वंशज. पुढच्या पायांनी भराभर माती मागे ढकलणं त्यांच्या रक्तात आहे. तळ जाळीचा असला की उकरायला त्यांना एकच जागा उरते, ती म्हणजे खाद्याचं भांडं. म्हणून सशावर ओरडू नका, पिंजऱ्यावर हात मारू नका. घाबरलेला ससा आणखी उधळतो.

१. काय काय जमवाल

कागदपत्रं काही नकोत, फक्त एक वही लागते. बाकी सामान असं: स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, एक बारीक आणि एक मध्यम भोकांची चाळण, दोन रिकामी पोती, जुना टूथब्रश. फीडर घरी करणार असाल तर २६ गेजचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा, पत्रा कापायची कात्री, पक्कड, रिव्हेट मारायचं यंत्र (गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणा, विकत घेऊ नका), जीआय तार आणि जाड हातमोजे. हातमोज्यांना हसू नका. माझ्या डाव्या अंगठ्यावर अजून खूण आहे.

नवा फीडर विकत आणायची घाई इतक्यात नको. बहुतेक जण इथेच फसतात, मीही फसलो. चार फीडर मागवले, लावले, आणि चारांतून सांडणं चालूच. कारण दोष भांड्यात नव्हता, खाद्यात होता.

२. एक रात्र पोतं पसरा

संध्याकाळी दिवेलागणीला जास्त सांडणाऱ्या एका सशाच्या पिंजऱ्याखालची जागा झाडून स्वच्छ करा आणि तिथे पोतं पसरा. भांड्यात मोजून खाद्य घाला, आकडा वहीत लिहा. ससे मुख्यत्वे संध्याकाळपासून पहाटेपर्यंत खातात, म्हणून रात्रच धरायची. सकाळी भांड्यातलं उरलेलं आणि पोत्यावरचं वेगवेगळं वजन करा. लेंड्या मध्यम चाळणीने बऱ्याचशा वेगळ्या होतात, उरलेल्या हाताने. किळस वाटते, पण हे काम एकदाच.

आता पोत्यावर काय पडलंय ते बसून बघा. सगळं उत्तर इथेच असतं.

अख्ख्या, कोरड्या गोळ्या दूरवर फेकल्यासारख्या पडल्या असतील तर ससा पायांनी उकरतोय. भांडं उथळ आहे, खाद्य जास्त झालंय, किंवा त्याला दुसरा उद्योग नाही.

अर्ध्या तुटलेल्या पण कोरड्या गोळ्या भांड्याच्या अगदी खाली, एका ओळीत पडल्या असतील तर तो उकरत नाहीये. गोळी तोंडात धरून मान वर करतो, अर्धी चावतो, अर्धी बाहेर पडते. गोळी फार जाड किंवा लांब असते तेव्हा हे होतं. साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाड आणि सेंटिमीटरभर लांब गोळी सशाला सोयीची. गुरांच्या सुग्रासची जाड गोळी त्याच्या तोंडाला बसत नाही. शिवाय गुरांच्या काही खाद्यांत युरिया असतो, तो सशासाठी नव्हे.

नुसती भुकटी असेल तर पायरी ४ वाचा. भुकटी सशाच्या नाकात जाते, त्याला ती नको असते. तळाशी भुकटी साचली की वरच्या गोळ्या बाहेर फेकून तो खाली काही चांगलं आहे का ते शोधतो. मग भुकटीसकट चांगल्या गोळ्याही जातात.

घरी कालवलेल्या भरड्यातला एकच जिन्नस पडला असेल, म्हणजे मका संपलाय आणि गव्हाचा भुसा सगळा खाली, तर ससा निवडून खातोय. आपण पोह्यांतले शेंगदाणे वेचतो तसं. हा फीडरने सुटणारा प्रश्न नाही. गोळीखाद्य हाच इलाज, कारण गोळीतून मका वेगळा काढता येत नाही.

आणि शेवटचं, हे नीट वाचा. ओलसर, अर्धवट चावलेला चोथा पडला असेल, सशाची हनुवटी ओली असेल, तो भांड्यापाशी जातो पण मागे फिरतो, तर दात वाढलेत. सशाचे पुढचे दात वर्षाला १० ते १२ सेंटिमीटर वाढतात आणि समोरासमोर घासून झिजतात. ते वाकडे आले तर झिजत नाहीत. हे पशुवैद्याचं काम. नखं कापायच्या कात्रीने घरी दात तोडू नका, दात उभा चिरतो आणि मुळाशी पू होतो. आणि दात वाकडे असणारा ससा पैदाशीला ठेवू नका, पिल्लांत तो दोष उतरू शकतो.

हे सगळं करण्याच्याही आधी पाण्याचं निपल बोटाने दाबून बघा. आमच्याकडे विहिरीच्या पाण्यातल्या गाळाने निपल आठ-पंधरा दिवसांत तुंबतं. ससा सुकं खाद्य खातो त्याच्या साधारण दुप्पट वजनाचं पाणी पितो. पाणी नसेल तर तो खाणं सोडतो, आणि भुकेला ससा भांड्यापाशी जाऊन नुसता पाय मारत बसतो. एकदा मी दोन दिवस खाद्य बदलण्याचा विचार करत होतो आणि अडचण निघाली निपलमध्ये, तांदळाएवढ्या वाळूच्या खड्याची.

३. मोजून घाला, डोळ्यांनी नको

पेला, मूठ, करवंटी ही मापं सोडा. तुम्ही वापरता तो डबा एकदा काट्यावर भरून बघा आणि त्यावर मार्करने रेघ मारा.

तीन ते चार किलोच्या मोठ्या सशाला, चारा सोबत असेल तर, दिवसाला १०० ते १५० ग्रॅम गोळीखाद्य पुरतं. नुसती हौस म्हणून पाळलेल्या, पैदास नसलेल्या सशाला त्याहून कमी, वजनाच्या किलोमागे साधारण २५ ग्रॅम, आणि सुकं गवत हवं तितकं. पिल्लांना पाजणाऱ्या मादीला मात्र हात आखडू नका. ती दुपटीहून जास्त खाते आणि तेवढं तिला लागतं. वाढत्या पिल्लांनाही भरपूर.

दोन वेळा द्या. सकाळी थोडं, संध्याकाळी जास्त. एप्रिल-मे मध्ये तर मी सकाळी जवळजवळ देतच नाही. ३० अंशांच्या वर गेलं की सशाला त्रास होतो, त्याला घाम येत नाही, कानांतून उष्णता बाहेर टाकतो आणि दुपारभर आडवा पडून राहतो. त्या वेळी भांड्यात पडलेलं खाद्य म्हणजे त्याच्या दृष्टीने अडगळ. आमच्या एका बोक्याएवढ्या नराने मे महिन्यात मातीच्या कुंडीतलं सगळं खाद्य उकरून बाहेर काढलं आणि रिकाम्या कुंडीत पोट टेकवून झोपला. थंड लागत होती ना! त्याला ओली फरशी दिल्यावर कुंडी सुटली.

किती द्यायचं ते बरोबर आहे का, हे भांड्यावरून ठरवू नका, सशाच्या पाठीवरून ठरवा. आठवड्यातून एकदा पाठीच्या कण्यावरून बोटं फिरवा. मणके कंगव्याच्या दातांसारखे टोचले तर वाढवा. मणके शोधावे लागले तर कमी करा.

इथला सापळा म्हणजे ‘उद्याचंही आजच घालून ठेवू’. चवथीला (गणेशचतुर्थीला) आम्ही दोन दिवस मूळ घरी गेलो होतो. शेजारच्या पोराला सांगून गेलो. त्याने बिचाऱ्याने मायेने सगळी भांडी शिगोशीग भरली. परत आलो तर निम्मं खाद्य खाली आणि दोन भांड्यांत ससे मुतलेले. त्याची काय चूक? मीच डब्यावर रेघ मारली नव्हती.

दुसरा सापळा उलटा आहे. काही जण म्हणतात, सांडतो ना, मग एक दिवस उपाशी ठेवा, अक्कल येईल. असं करू नका. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. बारा तास पोटात काही गेलं नाही आणि लेंड्या बारीक झाल्या किंवा थांबल्या की तो आजारी पडतो, आणि मग वाचवणं कठीण.

४. चुरा चाळून घाला

पोतं दुकानातून घरी येईपर्यंत, स्कूटरच्या पायाशी हादरे खात, बराच चुरा होतो. सगळा तळाला बसतो. म्हणून पोतं उघडलं की दर वेळी बारीक चाळणीतून चाळून मगच भांड्यात घाला. दहा सशांचं खाद्य चाळायला पाच मिनिटं लागतात.

पोतं निवडतानाही बघा. दुकानात मूठभर गोळ्या हातात घेऊन दाबा. सहज पीठ झालं तर ते पोतं नको. नाकाशी धरा, सुक्या गवताचा वास यायला हवा. कुबट वास आला तर दुकानदार कितीही म्हणाला की पावसाचा वास आहे, घेऊ नका.

भरडा कालवून देणाऱ्यांना कुणीतरी सांगतं की थोडं पाणी शिंपडा, म्हणजे भुकटी उडत नाही. खरं आहे, उडत नाही. पण आपल्याकडच्या दमट हवेत ओला भरडा काही तासांत आंबतो. आंबोण म्हैस खाते, सशाला ते मानवत नाही. शिंपडायचंच असेल तर तासाभरात संपेल एवढंच भिजवा आणि भांडं लगेच धुवा.

स्वस्त पडतं म्हणून कोंबड्यांचं खाद्य घालू नका. त्यात चोथा, म्हणजे तंतुमय भाग, फार कमी असतो. सशाच्या खाद्यात साधारण १४ ते २० टक्के चोथा लागतो. शिवाय कोंबडीखाद्यात रक्ती हगवणीसाठी औषधं घातलेली असू शकतात, त्यांतली काही सशांच्या जिवावर बेततात.

खाद्याचा छाप बदलायचा तर सात ते दहा दिवस घ्या. आधी पाव नवं, तीन पाव जुनं, मग अर्धं-अर्धं. एकदम बदललं तर ससा आधी नवं उकरून जुनं शोधतो, आणि खाल्लंच तर पोट बिघडतं.

५. भांडं: कुठलं चालतं, कुठलं नाही

आता भांड्याकडे वळू. मी आठ-नऊ प्रकार करून पाहिले आहेत.

करवंटी पहिल्याच रात्री उलटते. प्लास्टिकचा डबा कुरतडला जातो आणि तुकडे पोटात जातात. पिंजऱ्याच्या तळावर ठेवलेली स्टीलची वाटी ससा दातात धरून आपटतो, आणि रात्री दोनला घरातले सगळे उठतात. चार इंची पीव्हीसी पाइप आणि एल्बोचा फीडर दिसायला फार छान, मोबाइलवरच्या व्हिडिओंत तोच असतो. कोरड्या मुलुखात चालत असेल. आमच्याकडे जुलैमध्ये एल्बोच्या वळणात भुकटी चिकटून हिरवी पडली, बाहेरून पत्ताच लागला नाही. शिवाय कडा कुरतडतात. मी ते काढून शेवग्याला आधार म्हणून लावलेत.

दोन-तीनच ससे असतील तर जड वाडगं पुरे. दीड-दोन किलोचं, तळ रुंद, काठ किंचित आत वळलेला. तो आत वळलेला काठच महत्त्वाचा: ससा पाय मारतो तेव्हा गोळ्या काठाला आपटून परत आत पडतात. डिचोलीच्या कुंभारांकडे किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात असं वाडगं शोधता येईल. मात्र झिलई नसलेलं मातीचं भांडं पावसात ओल धरतं, तेव्हा दोन ठेवा आणि एक चुलीपाशी किंवा उन्हात वाळवत ठेवा. आतून झिलई असलेलं मिळालं तर उत्तम. वाडग्यात खाद्याचा थर दोन बोटांहून जास्त नको.

जास्त ससे असतील तर पत्र्याचा, बाहेरून टांगायचा फीडर. बाहेर उभी पेटी, आत लहानशी पन्हाळ, बाजूने पाहिलं तर इंग्रजी जे अक्षरासारखा. तुम्ही बाहेरून खाद्य ओतता, ते घसरून आत येतं, जेवढं खाल्लं तेवढंच खाली उतरतं. एका सशासाठी माझं माप असं: रुंदी १५ सेंटिमीटर, बाहेरच्या पेटीची उंची २० ते २५, आतली पन्हाळ ८ सेंटिमीटर पुढे आलेली, पन्हाळीचा पुढचा काठ ६ सेंटिमीटर उंच. खाद्य जिथून घसरतं तो गळा ३ सेंटिमीटरचा. गळा मोठा ठेवला तर पन्हाळ ओसंडते आणि उकरायला आमंत्रणच मिळतं. लहान ठेवला तर दमट हवेत गोळ्या अडकतात.

करताना चार गोष्टी विसरू नका.

पुढच्या काठाचा वरचा दीड सेंटिमीटर आत दुमडा, सपाट नाही तर तिरपा, पन्हाळीकडे झुकलेला. हाच तो आत वळलेला काठ. माझं सांडणं सगळ्यात जास्त कशाने थांबलं असेल तर या दीड सेंटिमीटरने.

कापलेली प्रत्येक कड पूर्ण दुमडून पक्कडीने दाबून चपटी करा. मी पहिल्या फीडरला आळस केला आणि एका मादीची हनुवटी कापली गेली. माद्यांच्या गळ्याखाली कातडीची लोंबती घडी असते, तीही अडकते. दुमडून झाल्यावर कडेवरून आपल्या मनगटाची आतली बाजू फिरवून बघा. तुम्हाला टोचलं तर त्यालाही टोचणार.

पन्हाळीच्या तळाला भोकं पाडा, दोन मिलिमीटरची, बोटभर अंतरावर. खिळा आतून बाहेर ठोका, म्हणजे कात्रे बाहेर येतात. भुकटी यातून आपोआप गळते. किंवा तळ कापून तिथे खिडक्यांना लावतात ती स्टीलची डासांची जाळी लावा, खालून जाड वेल्डेड जाळीचा आधार देऊन. फायबरची जाळी नको, खातात. पावसात ही भोकं भुकटीच्या लगद्याने बुजतात, म्हणून दर रविवारी टूथब्रश.

आणि पन्हाळीच्या तोंडावर दर ७-८ सेंटिमीटरवर उभी तार बांधा. तोंड आत जातं, दोन्ही पंजे एकदम जात नाहीत. पिल्लं असतील तर ही तार हवीच, नाहीतर तीन आठवड्यांची पिल्लं फीडरमध्ये जाऊन बसतात, तिथेच लेंड्या टाकतात, आणि मग आई ते सगळं उकरून काढते. तिच्या जागी तुम्ही असतात तर तेच केलं असतं.

किनारपट्टीला, म्हणजे पेडणे-बार्देशच्या खाऱ्या वाऱ्यात, पत्रा लवकर गंजतो. तिकडे राहत असाल तर स्टीलचा पत्रा परवडतो, दोन वर्षांचा खर्च डोळ्यांसमोर धरला तर.

६. टांगायची जागा

मोठ्या सशासाठी पन्हाळीचा काठ तळापासून १० सेंटिमीटर उंच, म्हणजे उभ्या सशाच्या छातीला लागेल असा. खाली टांगला तर दोन्ही पाय आत घालणं सोपं जातं. फार वर टांगला तर ससा काठावर पुढचे पाय ठेवून लटकतो. पिल्लांच्या पिंजऱ्यात ५-६ सेंटिमीटर पुरे, वाढली की वर सरकवा. आकडे लावून टांगा, रिव्हेट मारून पक्का करू नका, धुवायला काढता आला पाहिजे.

प्रत्येक ससा एक कोपरा मुतायला ठरवतो. फीडर त्याच्या समोरच्या कोपऱ्यात.

गवताची जाळी फीडरच्या बरोबर वर टांगू नका. हा सापळा मला वर्षभर कळला नव्हता. वरून गवताच्या काड्या पन्हाळीत पडतात, ससा त्या बाजूला सारायला पाय घालतो, आणि मग सवयच लागते. जाळी वीतभर बाजूला सरकवली आणि एका मादीचं उकरणं त्याच आठवड्यात थांबलं.

मुंग्यांचंही इथेच. फीडरमध्ये मुंग्या लागल्या तर ससा तोंड घालत नाही, नुसता पाय मारतो. पिंजऱ्याचे पाय वाट्यांत ठेवा आणि वाटीत जुनं इंजिन ऑइल घाला. नुसतं पाणी ठेवलं तर डासांची पैदास होते.

७. तोंडाला आणि पायांना काम द्या

फक्त गोळ्या मिळणारा ससा वीस मिनिटांत जेवण उरकतो. उरलेली रात्र त्याने काय करायचं? गवत चघळण्यात तास जातात आणि दातही झिजतात.

आपल्याकडे पावसाळा संपला की सड्यावरचं करड (रानगवत) कापतात, ते वाळवून साठवा. भाताच्या पेंढ्यात दम फारसा नसतो, पण चघळायला चालतो. पावसात हिरवं नेपियर किंवा गिनी गवत, कापून पडवीत पसरून थोडं कोमेजू द्या, ओलंचिंब टाकू नका. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं, रताळ्याचे वेल, फणसाची पानं थोडीथोडी आवडीने खातात. सुबाभूळ बेताने, जास्त झाली तर केस गळतात. कण्हेर, घाणेरी, कच्चं अळू ही कधीच नाहीत.

चघळायला पेरूची किंवा जास्वंदीची फांदी, नारळाच्या चुडताचा वीतभर दांडा, पोफळीची सुकी पोय (झावळीच्या बुडाचं रुंद आवरण). फवारणी न केलेलं हवं: पोफळींवर बोर्डो मिश्रण मारलं असेल तर पावसाळ्यातली पोय उचलू नका, त्यात मोरचूद असतो.

घरात पाळलेल्या सशाला एक खोका द्या, त्यात फाडलेला साधा कागद आणि थोडं सुकं गवत. उकरायचंय ना, इथे उकर. जाळीच्या पिंजऱ्यात हे जमत नाही, तिथे फांदीवरच भागवा.

८. मादी अचानक उकरायला लागली तर

इतके दिवस शहाण्यासारखी खाणारी मादी एकदम सगळं उकरून काढते, तोंडात गवत घेऊन फिरते, छातीचे केस उपटते. वहीतली तारीख बघा. नराकडे नेल्याला चार आठवडे होत आले असतील तर ती घर करतेय. सशाचा गर्भकाळ ३० ते ३२ दिवसांचा. २८ व्या दिवशी विण्याची पेटी आत ठेवा, मऊ सुकं गवत घालून. पेटी मिळाली की फीडर सुटतो. पेटीला उशीर केला तर ती जाळीवरच विते आणि पिल्लं खाली पडतात. हे एकदा पाहिलंय, पुन्हा नको.

नराकडे नेलीच नसेल किंवा गाभण नसेल, तरीही असं करते कधी कधी. खोटा गर्भ म्हणतात, १६ ते १८ दिवसांनी आपोआप सरतो. तेवढे दिवस थोडं गवत जास्त द्या आणि खाद्य तीनदा, थोडंथोडं.

९. जून ते सप्टेंबर

पावसाळ्यात महिन्याभराहून जास्त साठा करू नका, दुकानदार कितीही सूट देवो. पोतं जमिनीवर टेकवायचं नाही, भिंतीलाही नाही. आमच्या चिऱ्याच्या भिंती आतून ओल सोडतात. फळीवर झाकणाचा पिंप ठेवा, पोतं त्यात रिकामं करा, आणि जुनं संपून पिंप पुसून कोरडा झाल्याशिवाय नवं ओतू नका. तळाशी राहिलेलं मूठभर कुबट खाद्य वरचं सगळं नासवतं.

बुरशी लागलेल्या गोळ्या ससा वासानेच ओळखतो आणि उकरून टाकतो. अशा वेळी त्याचं ऐका. वाळवून परत देऊ नका, बुरशीचं विष वाळवल्याने जात नाही. कोंबड्यांनाही ते नको, खड्ड्यात पुरा.

या चार महिन्यांत फीडरमध्ये फक्त एका वेळचं घाला, पेटी भरून ठेवायची सोय विसरा. सकाळी आधी पन्हाळीत बोट फिरवा. बोटाला पीठ चिकटलं तर धुवायची वेळ झाली.

१०. तरीही जे सांडतं त्याचं

सगळं करूनही थोडं पडणारच. पिंजऱ्याखाली, लेंड्यांच्या ढिगाच्या वर, उतरता पत्रा लावा. लेंड्या आणि गोळ्या घसरून पुढच्या पन्हाळीत येतात. रोज सकाळी उचला. पावसात हे सोडलं तर उंदीर-घुशी येतात, त्यांच्यामागे साप येतात, आणि उंदरांच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका वेगळाच. हाताला जखम असेल तर शेडमध्ये हातमोज्यांशिवाय जाऊ नका.

त्याच दिवशीचं, कोरडं, मुतात न भिजलेलं खाद्य आणि चाळणीतला ताजा चुरा गावठी कोंबड्यांना टाका, त्या वेचून खातात. सशाला परत देऊ नका. बाकीचं लेंड्यांसकट माडाच्या आळ्यात.

महिन्यातून एकदा पुन्हा तेच पोतं पसरतो, तोच पिंजरा. पहिल्या रात्री वहीत लिहिलेला आकडा होता ३८ ग्रॅम. परवाचा आहे ५. घूस मात्र गेलेली नाही. ती आता माडाच्या बुंध्याशी राहते आणि आमची रताळी उकरते, त्यावर अजून काही सुचलेलं नाही.